फ्रिक्शन मागाल तेवढंच देतं

या वेळी आलेल्या प्रश्नांमधले निम्म्याहून जास्त एकाच धड्याचे निघाले, बल, ताण आणि घर्षण. दरवर्षीचंच आहे हे. अकरावीचे क्लास तिथवर पोचतात आणि दहावीला नव्वद टक्के मिळवून आलेली पोरं पहिल्यांदा घसरतात, तेही नेमकी जिथे फ्रिक्शन आहे असं लिहिलेलं असतं तिथे. म्हणून हा सगळा कॉलम त्यालाच दिलाय, बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो.

प्रश्न: सर, टेबलावर ५ किलोचा ठोकळा, स्थितिक घर्षण गुणांक ०.४, आडवं १० न्यूटनने ओढलं तर त्वरण किती, असं गणित आहे. मी फ्रिक्शन म्हणजे म्यू एन (गुणांक म्यू गुणिले टेबल ठोकळ्याला वर रेटतं ते बल एन) धरून ०.४ × ५ × ९.८ = १९.६ न्यूटन काढलं. मग १० वजा १९.६, भागिले ५, उत्तर आलं उणे १.९२. पुस्तकात शून्य दिलंय. छपाईची चूक आहे का? (अकरावी सायन्सची विद्यार्थिनी, जळगाव)

छपाईची चूक नाही गं. तुझ्या उत्तराचा अर्थ काय होतो ते आधी बघ, तू ठोकळा उजवीकडे ओढतेयस आणि तो पळतोय डावीकडे. घरातलं लोखंडी कपाट तू एका बोटाने ढकललंस आणि कपाटच उलटं तुझ्या अंगावर चालून आलं असं कधी झालंय का? झालं असेल तर फिजिक्सच्या मास्तरला कळवून उपयोग नाही.

गडबड कुठे झाली सांगतो. म्यू एन हा फ्रिक्शनचा आकडा नाहीये, ती फ्रिक्शनची लिमिट आहे. एटीएममधून दिवसाला समजा वीस हजार काढता येतात म्हणजे कार्ड घातलं की दरवेळी वीस हजार बाहेर पडतात असं नाही ना, पाचशे मागितले तर पाचशेच येतात. फ्रिक्शनचंही तसंच, ठोकळा जागेवर ठेवायला जेवढं लागेल तेवढंच ते देतं, एक कणही जास्त नाही. तू १० न्यूटनने ओढलंस, ते उलट दिशेने १० देणार, बेरीज शून्य, त्वरण शून्य. १५ ने ओढलंस तर १५ देणार. हातच लावला नाहीस तर फ्रिक्शनही शून्य, कारण कोणी काही मागितलंच नाही, तरी कितीतरी मुलं नुसत्या पडून असलेल्या ठोकळ्यावरही १९.६ चा बाण काढून मोकळी होतात.

आता २० न्यूटनने ओढ. लिमिट १९.६ ची, म्हणजे सुटला ठोकळा. आणि एकदा सुटला की हिशोबाचा गुणांकच बदलतो, गतिज घर्षणाचा लागतो आणि तो बहुतेक वेळा कमी असतो. समजा ०.३ आहे, मग फ्रिक्शन १४.७, उरले ५.३ न्यूटन, त्वरण १.०६. जड कपाट ढकलताना ते हलत नाही हलत नाही आणि मग एकदम सुटतं आणि आपण त्याच्यामागे धडपडतो, ते याच्यामुळेच. तेव्हा गणित हातात आलं की समासात पेन्सिलने आधी 'हलतंय का?' एवढंच लिही आणि पहिलं उत्तर त्याचं काढ. माझ्या वर्गातली मुलं याला कंटाळतात. मी मात्र पेपर तपासताना तेच आधी शोधतो.

प्रश्न: टेबलावर ३ किलो, दोरी कप्पीवरून खाली, टोकाला २ किलो लटकवलेलं. दोरीतला ताण २ × ९.८ म्हणजे १९.६ च असणार ना? वजन तर दोरीनेच धरलंय. सगळे म्हणतात चूक, का ते कोणी सांगत नाही. (अकरावी, बार्शी)

'वजन दोरीनेच धरलंय' हे तुझं वाक्य आहे ना, सगळी चूक त्याच्यात दडलीय. दोरीने पूर्ण धरलं असतं तर वजन जागचं हललंच नसतं. वर १९.६, खाली १९.६, मग ते खाली जाईल कशाला? ते खाली जातंय म्हणजेच दोरी त्याला थोडं कमी धरतेय. किती कमी ते आधी माहीत नसतं, म्हणून तर ताणाला टी असं अक्षर देतात. टी ही शोधायची गोष्ट आहे आणि तू ती दिलेली समजून बसलास.

सोडवूनच दाखवतो. टेबलाचा स्थितिक गुणांक ०.३ आणि गतिज ०.२ धर. आधी तोच प्रश्न, हलतंय का? लिमिट ०.३ × ३ × ९.८ = ८.८२, खालून ओढ होऊ शकते १९.६ पर्यंत, म्हणजे हलणार. मग दोन वेगळी चित्रं काढ, एका चित्रात फक्त ३ किलोवाला आणि त्याला बाहेरून जे जे हात लावतंय तेवढेच बाण, दुसऱ्यात फक्त २ किलोवाला. क्लासमध्ये याला एफबीडी (फ्री बॉडी डायग्राम) म्हणतात, नाव काहीही म्हण पण दोन्ही एकाच चित्रात कोंबू नकोस. ३ किलोवाल्याचं आडवं समीकरण, टी वजा ५.८८ (हलतानाचं फ्रिक्शन, ०.२ × ३ × ९.८) बरोबर ३ए, ए म्हणजे त्वरण. २ किलोवाल्याचं उभं समीकरण, १९.६ वजा टी बरोबर २ए. बेरीज केलीस की टी उडाला, १३.७२ बरोबर ५ए, ए आलं २.७४ आणि टी आलं १४.१ न्यूटन. १९.६ पेक्षा चांगलं साडेपाचने कमी.

पटत नसेल तर बॅग मोजायचा हातात धरायचा डिजिटल काटा मिळतो ना, तो घे कोणाकडून तरी. त्याला पाण्याने भरलेली दोन लिटरची बाटली अडकव. स्थिर धरलास की दोन किलोच्या आसपास दाखवेल. आता हात झटकन खाली ने, आकडा पडतो. झटकन वर उचल, आकडा चढतो. बाटली तीच, पाणी तेच, बदलला तो ताण. साधा स्प्रिंगचा काटा असेल तर आणखी मजा येते, काटा नाचताना दिसतो. फक्त बाटली बादलीवर धरून कर, मी सोफ्यावर केलं होतं आणि घरी बरंच ऐकून घेतलं.

प्रश्न: रस्सीखेचमध्ये एका बाजूने १०० न्यूटन आणि दुसऱ्या बाजूनेही १०० न्यूटन, तर दोरीत ताण १०० की २०० की शून्य? आमच्या स्टाफरूममध्ये तीन मतं पडलीत. आणि क्रिया-प्रतिक्रिया समान तर मग जिंकतं कोण? (माध्यमिक शिक्षिका, सातारा)

१०० च, मॅडम. दोरीचं एक टोक भिंतीतल्या कडीला बांधा आणि दुसऱ्या टोकाला १०० ने ओढा, सगळेच म्हणतील ताण १००. पण त्या वेळी कडीसुद्धा दोरीला १०० नेच मागे धरतेय, नाहीतर दोरी तुमच्याकडे निघून आली असती. कडीच्या जागी माणूस उभा केला, दोरीला काय फरक पडला? शून्यवाले ताण आणि निव्वळ बल यांत घोळ करतायत, दोरीवरचं निव्वळ बल शून्य आहे हे खरंच, पण दोरी आतून ताणलेली आहेच. २०० वाल्यांना चहा पाजा.

आता जिंकण्याचं. दोरीचं वजन सोडून दिलं तर दोन्ही संघांच्या हाताला दोरी सारखीच ओढते, जिंकणारा संघ दोरी 'जास्त जोरात' ओढतो हा गैरसमज आहे. सगळा खेळ पायाखाली चालतो. जमीन ज्या संघाला जास्त धरून ठेवते तो जिंकतो. म्हणून जड गडी शेवटाला ठेवतात, मागे रेलून टाचा रोवतात, आणि म्हणूनच शाळेच्या गॅदरिंगला गुळगुळीत सोलची चप्पल घातलेला संघ कितीही दंड असले तरी फरफटत जातो. दोन्ही संघांना फरशीवर मोजे घालून उभं करा आणि बघा कोणाला काय जमतं ते.

प्रश्न: दुकानात पन्नास किलोचं पोतं सरकवायचं असतं. नवीन पोरगा वाकून ढकलतो आणि दमतो, मी कान धरून ओढतो तर सहज येतं. मुलगी म्हणते बाबा याचं गणित आहे. खरंच आहे का? (किराणा दुकानदार, लातूर)

आहे की, आणि मुलगी हुशार आहे तुमची. पोतं सरळ आडवं सरकवायला किती जोर लागेल? फरशी आणि पोत्याचा गुणांक ०.४ धरू, वजन ४९० न्यूटन, म्हणजे १९६ न्यूटन. पण माणूस सरळ आडवा जोर लावूच शकत नाही, पोतं खाली आणि खांदे वर. तुम्ही कान धरून ओढता तेव्हा जोर थोडा वरच्या दिशेने असतो, म्हणजे पोतं थोडंसं उचललं जातं, फरशीवरचा दाब कमी, दाब कमी म्हणून फ्रिक्शन कमी. पोरगा वाकून ढकलतो तेव्हा त्याचा जोर तिरका खाली जातो, तो स्वतःच पोतं फरशीत दाबतो आणि स्वतःच वाढवलेल्या फ्रिक्शनशी भांडत बसतो.

दोघांचाही कोन जमिनीशी ३० अंश धरला तर आकडे असे येतात, ओढायला साधारण १८४ न्यूटन आणि ढकलायला २९४. शंभराहून जास्तीचा फरक, त्याच पोत्याला, त्याच फरशीवर! मुलीला सांगा की एन बरोबर एमजी, म्हणजे फरशीचा आधार वजनाइतकाच, हे पाठ करून टाकलंय ना, ते इथे लागू होत नाही. ओढताना एन म्हणजे एमजी वजा एफ साईन थीटा (एफ लावलेला जोर, थीटा त्याचा जमिनीशी कोन), ढकलताना अधिक. आणि आणखी एक गंमत तिला काढायला द्या, ढकलण्याचा कोन वाढवत नेला तर एक वेळ अशी येते की कितीही जोर लावा, दारासिंग आणा, पोतं हलणारच नाही. ०.४ ला तो कोन किती? उत्तर ६८ अंशांच्या आसपास यायला हवं.

प्रश्न: मी कसाऱ्याचा. आमच्याकडे इगतपुरीला चढणाऱ्या गाड्यांना मागून बँकर एंजिन लावतात. मुलाचा उताराच्या गणितात साईन की कॉस असा नेहमी गोंधळ होतो, त्याला हेच उदाहरण देऊन समजवता येईल का? आणि मागूनच का लावतात, पुढेच दोन लावली तर? (एक पालक, कसारा)

यापेक्षा चांगलं उदाहरण तुम्हाला सापडणार नाही. थळ घाटाचा, म्हणजे तुमच्या कसारा ते इगतपुरीचा, चढ ३७ ला १, म्हणजे रुळावर ३७ मीटर गेलात की १ मीटर वर. कोन जेमतेम दीड अंश, डोळ्याला जाणवतही नाही. साईन-कॉसचा गोंधळ सोडवायला मुलाला विचारा की घाटच नसता, रूळ सपाट असते, तर गाडीला मागे ओढणारा वजनाचा भाग किती? शून्य. शून्य अंशाला शून्य कोण होतं? साईन. संपला विषय, उताराच्या दिशेचा भाग एमजी साईन थीटा आणि रुळांवर दाबणारा एमजी कॉस थीटा. पाठांतर नको, फक्त कोन शून्य करून बघायची सवय लावा.

आता समजा एंजिन सोडून हजार टनांची गाडी आहे. हजार भागिले ३७, म्हणजे साधारण २७ टन वजनाइतकी ओढ नुसतं मागे घसरू नये म्हणून लागणार. एंजिन १२० टनांचं धरा, त्याला स्वतःलाही वर न्यायचंय, त्याचे तीनेक टन, वर डब्यांच्या चाकांचा वगैरे विरोध वेगळा. आणि एंजिन ओढतं कशाच्या जोरावर? मोटर कितीही ताकदीची असो, रूळ चाकाला जेवढं धरेल तेवढंच. कोरड्या रुळावर गुणांक ०.३ धरला तर लिमिट ३६ टन, म्हणजे कसंबसं भागतंय. पण पावसाळ्यात ओल्या रुळावर तो गुणांक अर्ध्यावरही येऊ शकतो, मग चाकं जागच्या जागी फिरतात. म्हणून एंजिनात वाळू ठेवतात आणि गरज पडली की चाकापुढे रुळावर सोडतात. म्हणजे इथेही तीच एटीएमची लिमिट, फक्त एका मशीनमध्ये पैसे पुरत नाहीत म्हणून दुसरं मशीन.

ते मागेच का, तर कपलिंगसाठी, म्हणजे डबे एकमेकांना जोडणाऱ्या सांध्यासाठी. सगळी एंजिनं पुढे लावली तर पहिल्या डब्याच्या कपलिंगवर अख्ख्या गाडीचा ताण येतो, २७ टन आणि वरचं काय असेल ते. दुसऱ्याच्या कपलिंगवर एका डब्याने कमी, तिसऱ्यावर आणखी कमी, शेवटच्यावर फक्त शेवटच्या डब्याचा. अर्धा भार मागून ढकलून घेतला की पुढच्या कपलिंगचा ताण अर्ध्यावर येतो, आणि गाडीच्या मधोमध कुठेतरी अशी जागा येते की तिथे ना ओढ ना ढकल, त्याच्या पुढचे डबे ओढले जातायत आणि मागचे ढकलले जातायत. शिवाय घाटात एखादं कपलिंग तुटलंच तर मागचे डबे धरायला खाली एंजिन उभं आहे. मुलाला हे दहा डब्यांसाठी कागदावर करायला लावा, प्रत्येक डब्याचं वेगळं चित्र. दोरीवरचे ठोकळे म्हणून जे गणित पुस्तकात येतं ते हेच.

प्रश्न: कप्पीच्या दोन्ही बाजूंना ताण सारखाच असतो असं शिकवतात. पण आमच्याकडे जेट्टीवर एकटा माणूस लोखंडी खुंटाला दोरीचे दोन-तीन वेढे मारून अख्खी बोट धरून ठेवतो. त्याच्या हातातला ताण आणि बोटीकडचा ताण सारखा कसा असेल? (बीएस्सीचा विद्यार्थी, मालवण)

नसतोच! तुझा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण पुस्तकातली कप्पी 'वजनरहित आणि घर्षणरहित' असते हे दोन शब्द सगळे वाचतात आणि पुढे जातात. फिरणारी, बिनघर्षणाची कप्पी असेल तरच दोन्हीकडे ताण समान. खुंट फिरत नाही आणि दोरी त्याला घासते, त्यामुळे वेढ्याच्या प्रत्येक इंचाला फ्रिक्शन थोडा थोडा ताण स्वतः खातं.

आणि हे खाणं बेरजेने चालत नाही, गुणाकाराने चालतं, हे खरं बघण्यासारखं आहे. ऑयलरचं सूत्र आहे, बोटीकडचा ताण म्हणजे हातातला ताण गुणिले ई चा (ई म्हणजे २.७१८) म्यू थीटा घात, थीटा म्हणजे दोरी खुंटाभोवती जेवढी फिरली तो कोन, रेडियनमध्ये, एक पूर्ण वेढा ६.२८. म्यू ०.३ धर. एका पूर्ण वेढ्याला ६.६ पट. दोन वेढ्यांना १३ नाही, ४३ पट. तीन वेढ्यांना २८५ पट. म्हणजे माणसाने दहा किलो उचलण्याइतका जोर लावला तर तीन वेढ्यांमागे पावणेतीन टनांच्या वर ओढ अडते. सूत्रात खुंटाची जाडी कुठेच येत नाही हेही बघ, जाड खुंट असो की बारीक, वेढे किती एवढंच महत्त्वाचं. आणि इथेही हे २८५ म्हणजे कमाल मर्यादाच, समुद्र शांत असेल आणि बोट हळूच ओढत असेल तर त्या माणसाला जवळजवळ काहीच जोर लागत नाही, तो आरामात गप्पा मारत उभा असतो, पाहिलंच असशील.

प्रश्न: दोन छोट्या शंका. वीट आडवी ठेवली तर जास्त जागा टेकते, मग फ्रिक्शन जास्त का नाही? आणि फ्रिक्शन नेहमी गतीच्या विरुद्ध असतं ना? (अकरावी, गोंदिया)

पहिली शंका जुनी आहे, १६९९ साली ॲमाँताँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिसच्या अकादमीसमोर हेच मांडलं की घर्षण टेकलेल्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, तेव्हाही ते लोकांना पटकन पटलं नव्हतं, आणि नंतर कूलॉमने, हो तोच विद्युतप्रभारवाला, भरपूर प्रयोग करून ते पक्कं केलं. कारण थोडक्यात असं, की वीट जिथे टेकलेली दिसते तिथे ती सगळीकडे खरी टेकलेलीच नसते, बारीक उंचवटे तेवढे टेकतात. उभी वीट थोड्या उंचवट्यांवर जास्त दाबते, आडवी जास्त उंचवट्यांवर कमी दाबते, खरा स्पर्श दोन्हीकडे जवळपास तेवढाच.

दुसऱ्याचं उत्तर नाही. टेम्पोत मागे पेटी ठेवलीय, टेम्पो पुढे निघाला, पेटीही निघाली. पेटीला पुढे कोणी ढकललं? टेम्पोच्या फळीच्या फ्रिक्शनने, आणि तेही पुढच्याच दिशेने. फ्रिक्शन एकमेकांवर *घसरण्याच्या* विरुद्ध असतं, गतीच्या नव्हे. गुणांक ०.४ असेल तर ते पेटीला जास्तीत जास्त ३.९२ चं त्वरण देऊ शकतं, ड्रायव्हरने त्याहून जोरात गाडी काढली की पेटी मागच्या फळक्यावर जाऊन आदळते.

प्रश्न: गेल्या अंकात तुम्ही २० अंशांच्या उतारावर ठेवलेल्या ठोकळ्याचं गणित सोडवलंत, स्थितिक गुणांक ०.४, गतिज ०.३, आणि त्वरण ०.५९ काढलंत. मला वाटतं तो ठोकळा घसरणारच नाही. मी चुकत असेन तर माफ करा. (निवृत्त आयटीआय निदेशक, सोलापूर)

तुम्ही नाही चुकत साहेब, मी चुकलो. उतारावर ठेवलेली वस्तू आपणहून घसरायला कोनाचा टॅन स्थितिक गुणांकापेक्षा मोठा लागतो. टॅन २० म्हणजे ०.३६४ आणि गुणांक ०.४, म्हणजे ठोकळा आपला निवांत बसलेला आहे आणि मी थेट ०.३ घालून ९.८ × (०.३४२ − ०.२८२) करून मोकळा झालो. समासात 'हलतंय का?' लिहा म्हणून पोरांच्या मागे लागणारा मी, स्वतः लिहिलं नाही. वाचकांनी गेल्या अंकातलं ०.५९ खोडून शून्य करावं.

तुमचं पत्र आल्यावर जुना पाट घेतला, त्यावर खोडरबर ठेवलं आणि एक टोक हळूहळू उचललं. सुटलं त्या क्षणी पाट तिथेच धरून टोकाची उंची आणि खालचा पाया मोजला, १७ सेंटिमीटर आणि ३८ सेंटिमीटर, भागाकार ०.४५, तोच स्थितिक गुणांक. मग पाट थोडा खाली आणला, खोडरबर परत ठेवलं, बसून राहिलं. बोटाने टिचकी मारली तर खालपर्यंत घसरत गेलं. म्हणजे माझं ०.५९ अगदीच वाया गेलं नाहीये, फक्त गणितात 'ठोकळ्याला हलकासा धक्का दिला' एवढे शब्द घालायचे राहिले होते.